कोयनेचा भूकंप नेमका कुठे झाला? चार केंद्रांपासून दीड किलोमीटर खोलीवरच्या यंत्रांपर्यंत

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. भूकंपाची तीव्रता ६.३ होती आणि पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या प्रवेगमापकाने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६३ टक्के प्रवेग नोंदवला. धरणांच्या अभियांत्रिकीत आज जगभर कुठेही ‘कोयना रेकॉर्ड’ म्हटलं की हाच आलेख समोर येतो. इतक्या जवळून नोंदला गेलेला हा भूकंप. तरीही तो जमिनीखाली किती खोल झाला, कोणता प्रस्तरभंग (खडकातली सरकणारी भेग) सरकला आणि कोणत्या दिशेने सरकला, या तीन प्रश्नांवर पुढे अनेक वर्षं अभ्यासकांचं एकमत होत नव्हतं.

हा वाद नुसता तपशिलाचा नव्हता. १९६२ मध्ये शिवाजीसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, भरायला लागला आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले. जलाशयातलं पाणी भेगांमधून खाली झिरपतं, खडकाच्या छिद्रांमधला दाब वाढवतं आणि आधीच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग सरकतो, असा तर्क मांडला गेला. नाभी, म्हणजे जमिनीखाली धक्का जिथून सुरू होतो ती जागा, चार-पाच किलोमीटरवर असेल तर हा तर्क सहज पटतो. तीच तीस किलोमीटरवर असेल तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणजे जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याचा सगळा निवाडा खोलीच्या एका आकड्यावर येऊन ठेपत होता, आणि भूकंपाची जागा ठरवताना सगळ्यात कच्चा निघतो तो नेमका हाच आकडा.

पुढे १९७६ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स लँग्स्टन यांनी हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपमापक केंद्रांवर आलेल्या लहरींचा आकार तपासून ही खोली सुमारे साडेचार किलोमीटर असल्याचं दाखवलं. जवळच्या केंद्रांना जे ठामपणे सांगता आलं नव्हतं, ते दूरच्या केंद्रांवरून निघालं. असं का व्हावं, हे समजून घेण्यासाठी कोयनेसारखं दुसरं प्रकरण आपल्याकडे नाही. जेमतेम २० किलोमीटर बाय ३० किलोमीटरच्या या पट्ट्यात गेली साठ वर्षं धक्के बसत आले आहेत. ५ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंपच वीसहून अधिक झाले आहेत. आणि या साठ वर्षांत त्यांच्याभोवतीचं केंद्रांचं जाळं अनेकदा बदललं आहे.

चारही केंद्रं एका अंगाला

धक्के जाणवू लागल्यावर पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ मध्ये चार भूकंपमापक केंद्रं उभारली: कोयना, गोवळकोट, महाबळेश्वर आणि सातारा. त्या काळी हे फार मोठं पाऊल होतं. मोठा धक्का बसण्याच्या चार वर्षं आधी देशात एखाद्या धरणाभोवती असं जाळं असणं, याचं श्रेय त्या लोकांना द्यायलाच हवं.

पण नकाशा उघडून ही चार नावं त्यावर मांडून बघा. चिपळूणजवळचं गोवळकोट धरणाच्या वायव्येला, हवाई अंतराने तीसेक किलोमीटर. महाबळेश्वर जवळपास सरळ उत्तरेला, साठच्या आत. सातारा ईशान्येला, चाळीसच्या आसपास. आणि भूकंप होत होते ते प्रामुख्याने धरणाच्या दक्षिणेला. दक्षिणेकडून पाहणारं एकही केंद्र नव्हतं. धरणापासून दहा किलोमीटर दक्षिणेला झालेल्या धक्क्याच्या जागी उभं राहिलं, तर चारही केंद्रं उत्तरेकडच्या सुमारे ८० अंशांच्या पाचरीत बसतात. उरलेला २८० अंशांचा घेर मोकळा. भूकंपशास्त्रात या मोकळ्या घेराला ‘ॲझिमुथल गॅप’ म्हणतात. तो १८० अंशांच्या वर गेला की त्या स्थाननिश्चितीकडे जपूनच पाहायचं, असा रिवाज आहे.

त्याचं कारण असं. भूकंपाची जागा काढताना अज्ञात चार असतात: अक्षांश, रेखांश, खोली आणि धक्का सुरू झाल्याची वेळ. प्रत्येक केंद्रावर पी लहर, म्हणजे भूकंपाची सगळ्यात आधी येणारी लहर, किती वाजता पोहोचली, एवढंच आपल्या हाती असतं. सगळी केंद्रं उत्तरेला असतील आणि आपण कागदावर धक्का दोन किलोमीटर दक्षिणेला सरकवला, तर प्रत्येक लहरीचा प्रवास साधारण एक तृतीयांश सेकंदाने वाढतो. मग धक्का सुरू झाल्याची वेळही तेवढीच आधी धरली की हिशेब जुळतो. सगळ्या केंद्रांवरच्या वेळा पुन्हा बरोबर येतात आणि चूक कुठेच दिसत नाही. दक्षिणेला एक केंद्र असतं तर ही लपवाछपवी लगेच उघडी पडली असती. कारण धक्का दक्षिणेला सरकवला की तिथला प्रवास कमी होतो, आणि सुरुवातीची वेळ मागे नेल्याने तिथला फरक मिटण्याऐवजी दुप्पट होतो.

पीच्या मागून येणारी, तिच्याहून मंद एस लहर इथे थोडी मदत करते. पी आणि एस यांच्यातलं वेळेचं अंतर सेकंदांत मोजलं आणि आठने गुणलं की कोयनेच्या खडकात नाभीपर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये साधारण मिळतं. घड्याळ चुकलेलं असलं तरी हे अंतर बिघडत नाही, कारण दोन्ही लहरी एकाच घड्याळावर मोजलेल्या असतात. उपग्रहावरून वेळ मिळण्याआधीच्या काळात हा आधार मोठा होता. एखाद्या केंद्राचं घड्याळ अर्ध्या सेकंदाने चुकलं तर निव्वळ पी लहरीच्या हिशेबात तीन किलोमीटरची चूक येते. साठच्या आणि सत्तरच्या दशकांतल्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्या प्रत्येकाला आधी या घड्याळांशीच झुंजावं लागलं आहे.

खोलीचा हिशेब कागदावर

आता खोलीकडे. इथे थोडी आकडेमोड करतोच, कारण तिच्याशिवाय मुद्दा नीट पोहोचत नाही.

पी लहरीचा वेग सेकंदाला सहा किलोमीटर धरू. नाभी ५ किलोमीटरवर आहे की ८ किलोमीटरवर, हे आपल्याला ठरवायचं आहे. ३० किलोमीटर दूरच्या केंद्रावर या दोन शक्यतांमुळे लहरीच्या वेळेत पडणारा फरक आहे सुमारे ०.११ सेकंद. ४० किलोमीटरवर तो ०.०८ होतो आणि साठच्या जवळ ०.०६. म्हणजे खोली तीन किलोमीटरने चुकली तरी तिन्ही दूरच्या केंद्रांवर जवळपास सारखाच, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका उशीर दिसतो. हा सारखा उशीर सुरुवातीच्या वेळेत खपून जातो. खोली ओळखायला शिल्लक राहतो तो या तिघांच्या आपसातला फरक, म्हणजे सेकंदाचा विसावा हिस्सा. त्या काळच्या भूकंपमापकाच्या फिरत्या ढोलावर कागद साधारण मिनिटाला ६० मिलिमीटर सरकायचा. म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटर. सेकंदाचा विसावा हिस्सा म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्सा. रेघेची स्वतःची जाडीच त्याहून जास्त असते! त्या रेघेवरून खोली वाचणं माणसाच्या हातचं नव्हतं. दोष मोजणाऱ्यांचा नव्हता.

हाच प्रश्न धक्क्याच्या जागेपासून चार किलोमीटरवरच्या केंद्राला विचारून पाहा. तिथे ५ आणि ८ किलोमीटर खोलीतला फरक होतो ०.४२ सेकंद. त्या जुन्या कागदावरसुद्धा तो डोळ्यांना दिसला असता. म्हणून खोली नीट हवी असेल तर निदान एक केंद्र नाभीच्या खोलीएवढ्या अंतराच्या आत हवं, असा दंडक आहे. कोयनेतले बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले आहेत. म्हणजे केंद्रं एकमेकांपासून दहा-बारा किलोमीटरपेक्षा फार लांब ठेवून चालत नाही. १९६३ च्या जाळ्यात ही सगळी भिस्त एकट्या कोयना केंद्रावर होती, आणि धक्का दक्षिणेला लांब झाला की तेही हाताबाहेर जायचं.

आजही एखाद्या धक्क्याची बातमी वाचताना ‘खोली १० किलोमीटर’ किंवा ‘५ किलोमीटर’ असा गोल आकडा दिसला, तर तो मोजलेला असेलच असं नाही. जवळचं केंद्र नसेल तेव्हा खोली सुटत नाही आणि मग अनेक संस्था ती एखाद्या ठरावीक आकड्यावर धरून बाकीचं गणित करतात. यात गैर काही नाही. मात्र बातमीत त्या आकड्याला मोजमापाचा मान मिळतो, तो मिळू नये.

भूकंप सरकले, केंद्रांना त्यांच्या मागोमाग जावं लागलं

दक्षिणेला वारणा नदीवरचं धरण १९८५ पासून भरायला लागलं. १९९३ च्या अखेरीला आणि १९९४ च्या सुरुवातीला वारणेच्या बाजूला ५ च्या वरचे धक्के बसले आणि हालचाल दक्षिणेकडे सरकल्याचं स्पष्ट झालं. उत्तरेला झुकलेल्या जाळ्यासाठी ही मोठी अडचण होती. वारणेच्या खोऱ्यातले धक्के कोयना केंद्रापासूनच पंचवीस-तीस किलोमीटरवर होते, म्हणजे जवळचं म्हणावं असं केंद्र उरलं नव्हतं.

त्यानंतर केंद्रं दक्षिणेला आणि पूर्वेला वाढत गेली. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची केंद्रं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेची केंद्रं मिळून वारणा खोऱ्याभोवतीचा घेर हळूहळू भरला. २००५ पासून हैदराबादच्या संस्थेचं डिजिटल जाळं सलग चालत आलं आहे. कागदाऐवजी सेकंदाला शंभर नोंदी घेणारं यंत्र आलं, घड्याळ उपग्रहाशी जोडलं गेलं आणि वर सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या आपोआप गेल्या.

हे जाळं चालवणं म्हणजे काय असतं, हे कोयनेचा पाऊस पाहिल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात चार महिने ढग हटत नाहीत. सौर पॅनेलवर चालणाऱ्या केंद्राची बॅटरी उतरते, विजा कोसळतात, वाटा बंद होतात. दक्षिणेची बाजू चांदोलीच्या जंगलाची. आता ती सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तिथे हवं तिथे खांब रोवता येत नाही. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा कोसळतो आणि कोकण सुरू होतं. म्हणजे भूकंपशास्त्राला जिथे केंद्र हवं असतं आणि जिथे ते प्रत्यक्ष बसवता येतं, त्या जागा क्वचितच जुळतात. नकाशावरच्या प्रत्येक त्रिकोणी खुणेमागे अशी तडजोड असते.

उंचीचा मुद्दाही यातलाच. कोकणातलं केंद्र समुद्रसपाटीच्या जवळ आणि महाबळेश्वरचं तेराशे मीटरच्या वर. एक किलोमीटर उंचीचा फरक म्हणजे बेसॉल्टमध्ये पी लहरीचा पाव सेकंदाच्या जवळ जाणारा फरक. जुन्या संगणकीय कार्यक्रमांत सगळी केंद्रं एकाच पातळीवर आहेत असं धरलेलं असायचं आणि उंचीचा हिशेब वरून दुरुस्तीने करावा लागायचा. ती दुरुस्ती ढिली राहिली तर केंद्र वाढवून मिळवलेली अचूकता तिथेच सांडते.

बेसॉल्टचा थर आणि फसवी एस

कोयनेला जी अडचण आहे ती सगळ्या दख्खनची आहे. वर बेसॉल्टचे थर, खाली ग्रॅनाइट-नाइसचा पाया. दोन्हींत लहरींचा वेग वेगळा. १९७० च्या दशकात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर स्फोट करून कवचाची खोल तपासणी झाली. तिच्यामुळे वेगाचा पहिला भरवशाचा आराखडा मिळाला. पण बेसॉल्टची जाडी जागोजागी बदलते. पुढे बोअर घेतले तेव्हा ती कुठे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, तर कुठे सव्वा किलोमीटर निघाली.

ही जाडी भूकंपाच्या जागेत कशी शिरते, ते एका उदाहरणात दाखवता येतं. खालून वर येणारी एस लहर ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट सुरू होतो त्या सीमेवर पोहोचते, तेव्हा तिचा थोडा भाग पी लहरीत बदलतो. ही बदललेली लहर बेसॉल्टमधून वेगाने वर येते आणि खऱ्या एस लहरीच्या आधी केंद्रावर पोहोचते. बेसॉल्ट एक किलोमीटर जाड असेल तर सुमारे ०.१४ सेकंद आधी. उभ्या दिशेच्या नोंदीवर ती एस लहरीसारखीच दिसते. एकच घटक नोंदणारं यंत्र असेल तर नोंद वाचणारा तिलाच एस म्हणून खूण करतो. आठने गुणा. एक किलोमीटरहून जास्त चूक, आणि तीही नेहमी एकाच बाजूला: नाभी आहे त्याहून जवळ वाटते.

अशी चूक नुसती केंद्रं वाढवून जात नाही, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. वीस केंद्रांवर वीस वेळा फसवी एस वाचली, तर गणित आपल्याला फार अचूक दिसणारं, पण सरकलेलं उत्तर देतं. संगणक जी चूक-मर्यादा छापतो ती नोंदींच्या आपसातल्या मेळावर काढलेली असते. खडकाचा आराखडा चुकीचा असेल तर तिला त्याचा पत्ता नसतो. केंद्रं वाढली की छापील चूक-मर्यादा कमी होणारच. प्रत्यक्ष चूक कमी झाली का, हे वेगळं पाहावं लागतं.

एकमेकांजवळ झालेल्या दोन धक्क्यांची तुलना करून ही अडचण काही अंशी टाळता येते. दोघांच्या लहरी एकाच वाटेने एकाच केंद्रावर येतात. वाटेतल्या खडकाबद्दलचं अज्ञान दोघांत सारखं असल्याने वजाबाकीत ते निघून जातं आणि उरतं ते दोन नाभींमधलं खरं अंतर. या पद्धतीने कोयना-वारणेतले विस्कटलेले ठिपके पुन्हा मांडले गेले, तेव्हा ढगासारख्या पुंजक्यांतून रेषा आणि प्रतलं दिसू लागली. मात्र यात ठिपक्यांची आपसातली मांडणी सुधारते. अख्खा पुंजका अर्धा किलोमीटर सरकलेला असेल तर तो तसाच राहतो.

त्यावर इलाज एकच होता: केंद्र बेसॉल्टच्या खाली न्यायचं.

दीड किलोमीटर खाली

मार्च २०११ मध्ये हैदराबाद आणि कोयना इथे आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि कोयनेत खोल बोअर घेण्याचा कार्यक्रम आकाराला आला. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी अनेक वर्षं त्याचा पाठपुरावा केला होता. कराडजवळ हजारमाचीला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. आधी दीड किलोमीटरच्या आसपास खोलीचे चाचणी बोअर झाले आणि त्यांपैकी सहांमध्ये, साधारण एक ते दीड किलोमीटर खोलीवर, भूकंपमापक उतरवले गेले.

एवढ्या खोलीवर वारा नाही, झाडाची मुळं हलत नाहीत, रस्त्यावरच्या ट्रकचा थरकाप पोहोचत नाही. वरचा झिजलेला थर लहरीतली बारीक कंपनं खाऊन टाकतो, तो वाटेतूनच गेला. बेसॉल्टही बहुतेक ठिकाणी वरच राहिला, त्यामुळे फसव्या एस लहरीचा प्रश्न मुळापासून मिटला. शिवाय नाभी पाच किलोमीटरवर असेल आणि यंत्र दीड किलोमीटरवर, तर दोघांतलं अंतर तेवढं घटलं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: गणित करणाऱ्या कार्यक्रमाला यंत्र जमिनीखाली आहे हे सांगावं लागतं. नाहीतर पाव सेकंद लवकर आलेली लहर तो नाभी उथळ आहे असं समजून मांडतो.

पृष्ठभागावरचं दाट जाळं आणि खालची ही सहा केंद्रं एकत्र धरल्यावर कोयनेतल्या स्थाननिश्चितीची चूक किलोमीटरच्या घरातून काही शे मीटरवर आली. जगात जलाशयाजवळच्या फार थोड्या जागांना हे भाग्य लाभलं आहे.

भूकंपाचा स्वभाव सांगणारी मापं

जागा सुधारली की उगमाची मापंही सुधारतात, पण प्रत्येक माप वेगळ्या कारणाने.

प्रस्तरभंग कसा सरकला, हे पी लहरीचा पहिला झटका वर आहे की खाली, यावरून ठरतं. नाभीभोवती वर-खालीचे चार पाद तयार होतात आणि त्यांच्या सीमारेषा म्हणजे प्रस्तरभंगाच्या दोन शक्यता. चारही केंद्रं ८० अंशांच्या पाचरीत असतील तर एखाद-दुसरा पादच दिसतो आणि सीमारेषा कशाही फिरवता येतात. केंद्रं चहूबाजूंना झाली तेव्हा कोयना बाजूला मुख्यतः आडवं, डावीकडचं सरकणं आणि वारणा बाजूला मुख्यतः खाली घसरणं, हा फरक पक्का झाला. एकाच छोट्या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन तऱ्हा! हे चित्र उत्तरेकडच्या चार केंद्रांनी कधीच दाखवलं नसतं. खोलीची चूक इथेही घुसते. नाभी बेसॉल्टमध्ये धरली की ग्रॅनाइटमध्ये, यावर लहर नाभीतून वर निघाली की आधी खाली जाऊन वळून आली हे ठरतं, आणि तोच झटका नाभीभोवती कल्पिलेल्या गोलावर भलत्या पादात जाऊन बसतो.

सिस्मिक मोमेंट, म्हणजे भूकंपाचं खरं आकारमान, त्या मानाने सोशिक. एखादं केंद्र सीमारेषेवर पडलं तर तिथे लहर क्षीण येते आणि आकडा कमी निघतो. केंद्रं वाढली की सरासरीत हे भरून निघतं. मोमेंट दुपटीने चुकला तरी तीव्रतेत फरक पडतो तो ०.२ चा.

ताण किती सुटला, म्हणजे ‘स्ट्रेस ड्रॉप’, हे माप मात्र अतिशय नाजूक आहे. ते काढलं जातं लहरीच्या वर्णपटातल्या (कोणत्या वारंवारतेला किती ताकद, याच्या आलेखातल्या) एका वळणावरून. हे वळण ज्या वारंवारतेला येतं तिच्या वर लहरीची ताकद झपाट्याने घटते. तिला ‘कॉर्नर फ्रिक्वेन्सी’ म्हणतात, आणि स्ट्रेस ड्रॉप तिच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २ तीव्रतेचा धक्का घ्या. ३ मेगापास्कल ताण सुटला असेल तर नेहमीच्या सूत्राने फाटलेल्या भागाची त्रिज्या येते सुमारे ५७ मीटर आणि वळण येतं २२ हर्ट्झच्या आसपास. आता वरच्या झिजलेल्या थराने बारीक कंपनं खाल्ली आणि पृष्ठभागावरच्या नोंदीत वळण १५ हर्ट्झला दिसलं. घन केल्यावर स्ट्रेस ड्रॉप एक मेगापास्कलच्याही खाली येतो, म्हणजे खऱ्याच्या एक तृतीयांश. १ तीव्रतेच्या धक्क्याचं वळण तर ७० हर्ट्झच्या घरात असतं. ते पृष्ठभागावर दिसण्याची आशाच नको, आणि सेकंदाला शंभर नोंदी घेणाऱ्या यंत्राला ते मोजताही येत नाही, कारण त्याची पोच पन्नास हर्ट्झपर्यंतच.

पृष्ठभागावरच्या नोंदींवरून ‘लहान भूकंपांत ताण कमी सुटतो’ असा निष्कर्ष काढणारे अभ्यास जगभर झाले आहेत. कोयनेसारख्या ठिकाणी खोल यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय मी तरी अशा निष्कर्षावर विसंबणार नाही. तो खडकाचा गुण असू शकतो, तसा वरच्या मातीचाही. त्यात फाटण्याच्या दिशेचा प्रभाव मिसळतो. फाट ज्या बाजूला धावते तिकडच्या केंद्रावर वळण वरच्या वारंवारतेला दिसतं, मागच्या बाजूला खालच्या. केंद्रं एकाच अंगाला असतील तर हा फरक दिसत नाही, नुसता आकड्यात शिरतो आणि त्याचा घन होतो.

संख्या वाढली म्हणून घाबरायचं का

नवी केंद्रं आली की धक्क्यांची नोंद झालेली संख्या वाढते. जाळ्याची नजर एका तीव्रतेने खाली गेली, म्हणजे २ ऐवजी १ तीव्रतेचे धक्केही सुटेनासे झाले, की यादी सुमारे दहापट लांबते. जमिनीखाली काहीही बदललेलं नसताना.

कोयनेत हा मुद्दा ऐरणीवरचा आहे, कारण इथे दर वर्षी जलाशयाच्या पातळीचा आलेख आणि धक्क्यांच्या संख्येचा आलेख शेजारी ठेवून वाचला जातो. एखाद्या वर्षी तीन केंद्रं वाढली आणि त्याच वर्षी धरण काठोकाठ भरलं, तर पाण्यामुळे धक्के वाढले असा निष्कर्ष सहज हातात येतो. तो बरोबरही असू शकतो. पण आधी सगळ्यात कमकुवत काळातल्या जाळ्यालाही जे सुटले नसते तेवढेच धक्के मोजले पाहिजेत. नजर पावसाळ्यात बंद पडलेल्या केंद्रांमुळेही बदलते, आणि पातळी चढते तीही पावसाळ्यातच. म्हणून रोज किती केंद्रं चालू होती, याची नोंद धक्क्यांच्या यादीइतकीच मोलाची आहे.

केंद्रबिंदू सरकल्याच्या बाबतीतही तेच. पट्टा दक्षिणेला सरकला की दक्षिणेला आपल्याला आता दिसायला लागलं? वारणेच्या बाबतीत ५ च्या वरचे धक्के तिथे बसले, म्हणून शंकेला जागा नाही. एवढा धक्का जुन्या जाळ्यालाही चुकला नसता. लहान धक्क्यांच्या पट्ट्यांबद्दल मात्र एक साधी परीक्षा करता येते. आजचे उत्तम नोंदलेले धक्के घ्यायचे, नवी केंद्रं मुद्दाम वगळायची, १९६३ च्या चार केंद्रांच्या जागांवरच्या नोंदी तेवढ्या ठेवायच्या आणि पुन्हा जागा काढायची. जो फरक येईल तो जुन्या जाळ्याच्या चुकीचा नकाशा असेल. कोणत्या भागात ठिपके कुठे ओढले जातात, खोली किती डोलते, हे त्यात उघड दिसतं. नव्या केंद्राचा खर्च मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत ही परीक्षा असावी, असं माझं मत आहे. केंद्र वाढल्याने काय सुधारेल याचं उत्तर तिच्यात आकड्यांत मिळतं.

गोठण्याचा बोअर, आणि जुने कागद

डिसेंबर २०१६ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटरचा पथदर्शी बोअर सुरू झाला आणि जून २०१७ मध्ये तो तळाला पोहोचला. बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला तो १,२४७ मीटरवर. पुढचा हेतू याहून खोल जाऊन भूकंप होतात त्या प्रस्तरभंगाजवळच यंत्रं ठेवण्याचा आहे. अशा कामात जागेची चूक थेट पैशांत मोजली जाते. प्रस्तरभंग काही शे मीटर बाजूला निघाला तर अख्खा बोअर कोऱ्या खडकात जातो. गोठण्याची जागा निवडता आली ती आधीच्या दहा-बारा वर्षांत भरलेल्या घेरामुळे आणि खाली उतरवलेल्या यंत्रांमुळे.

याच आकड्यांचा उपयोग मागे जाऊनही होतो, आणि याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं. बेसॉल्टची जाडी आता जागोजागी मोजलेली आहे. आजचा एखादा धक्का काही शे मीटरच्या अचूकतेने माहीत असेल, तर त्याची लहर सातारा किंवा गोवळकोटच्या जुन्या जागेवर अपेक्षेहून किती लवकर वा उशिरा आली, हे काढता येतं. तीच दुरुस्ती १९६७ नंतरच्या धक्क्यांना लावता येते आणि त्यांची जागा, खोली, सरकण्याची दिशा पुन्हा काढता येते. मात्र त्यासाठी छापील याद्यांमधल्या पूर्णांकात लिहिलेल्या वेळा पुरत नाहीत. मूळ भूकंपलेख लागतात, ढोलावरून उतरवलेले, मिनिटामिनिटाच्या खुणा असलेले कागद. घड्याळाची दुरुस्ती ज्या वह्यांत रोज लिहिली जायची त्या वह्याही लागतात. दमट हवेत असा कागद किती दिवस टिकतो हे कोयना खोऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको. जे लेख अजून कपाटांत आहेत त्यांच्या उच्च प्रतीच्या प्रतिमा काढून त्या सर्व अभ्यासकांना खुल्या कराव्यात, आणि हे काम पुढच्या नव्या केंद्राच्या अंदाजपत्रकातच धरावं.